गोल्डफिशची जखम

परवा अकोल्याच्या ऐन मे महिन्यात सुनेनं सरबतासाठी बर्फाचा ट्रे पिळला. तो कडकड आवाज ऐकला की माझं डोकं आजही तडकतं.

मी नोकरीत होतो तेव्हा एका उन्हाळ्यात आमच्या गोल्डफिशच्या अंगावर लालभडक जखम झाली होती. कडा पांढुरक्या, मधले खवले गेलेले. मासा घेतला तेव्हाच दुकानदार म्हणाला होता, पाणी एकदम गरम-थंड होऊ देऊ नका. मी पुस्तक आणलं, मिठाचं पाणी केलं. रोज सकाळी मासा ओल्या फडक्यात धरून कापसानं जखमेवर लाल दवा लावायचो. माझी बोटं तपकिरी झाली, जखम मात्र भरेना. दुकानदारावर चिडलो, माशावरसुद्धा चिडलो.

एका दुपारी ऑफिसातून लवकर आलो, तर आई फिशटँकवर बर्फाचा ट्रे पिळत होती. हात अगदी सराईत.

"आई, हे काय करून राहिली? पंधरा दिवसांपासून मी येड्यावानी दवा लावून राहिलो, अन् तू रोज बर्फ टाकतेस?"

"उन्हानं पाणी तापून राहिलं होतं, म्हून टाको मी." ट्रे तिच्या हातातच होता. "तू दुकानदाराले इचारलं, पुस्तकात पायलं. मासोई दिवसभर माह्यापाशी रायते, मले कावून नाई इचारलं?"

बर्फ बंद झाला आणि जखम भरत आली. आल्यागेल्याला मी लाल दवेचे गुण सांगत बसायचो. आई तिथंच गहू निवडत असायची. तिनं मला एकदाही खोटं पाडलं नाही.