ओठ वाचणारी माणसं

भिवंडीच्या त्या दवाखान्यात माणसं आजारी पडून कमी यायची, फाटून जास्त. कुणाचा सदरा लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, पट्ट्यात अडकून हात सोलून निघालेला, कुणाचं गालफड धोट्याने फुटलेलं, तर कुणी पाळी सुटल्यावर गुत्त्यात दोस्ताच्याच हातून भोसकलेला. धोटा म्हणजे लूमवर सूत घेऊन इकडून तिकडे पळणारं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी चोच असलेलं. तो उडाला की नेमका डोळा शोधतो. सत्तरच्या दशकात मी तिथे नर्स होते आणि रक्ताची मला कधीच भीती वाटली नाही. मला भीती वाटायची बोलायची.

आमचं गाव वज्रेश्वरीच्या बाजूचं. घरात मला घुमी म्हणत. घुमं माणूस गरीब असतं असा लोकांचा समज असतो, तो साफ खोटा आहे. माझ्या डोक्यात सदा चूल पेटलेली असायची. कुणी डिवचलं की मी ओठ हलवून, आवाज न काढता अशा शिव्या हासडायचे की त्या ऐकू गेल्या असत्या तर आईने मला उंबऱ्याबाहेर काढलं असतं. बाप समोर उभा राहून ओरडायचा तेव्हाही मी त्याला ओठांनीच उत्तर द्यायचे. त्याने कधी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, म्हणून निभावलं.

ठाण्याला ट्रेनिंग झालं तेव्हा वाटलं होतं, नर्सचं काम हाताचं. ते तोंडाचं निघालं. आधी बाळंतिणींच्या वॉर्डात घातलं, तिथे एका सासूने तक्रार केली की ही मुकी बया सुनेच्या उशाशी नको. मग मुलांकडे पाठवलं, तर पोरं माझा चेहरा बघून जास्तच रडायची. मग बाहेरच्या पेशंटांची नावं पुकारायला दारात उभी केली. माझा आवाज पहिल्या बाकापलीकडे जाईना, माणसं एकमेकांच्या अंगावर चढली आणि त्या चेंगराचेंगरीत एका म्हाताऱ्याचं डोकं फुटलं. ते मीच शिवायला घेतलं आणि छान शिवलं, पण त्याचं कौतुक कोण करणार?

मेट्रनबाई वसईच्या, अंगाने थोराड आणि तोंडाने फटकळ. त्यांनी मला समोर उभं करून सांगितलं की बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही. आता उरला फक्त पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड. तिथे महिनाभर टिकलीस तर राहा, नाहीतर सरळ घरी जा.

घरी काय वाढून ठेवलंय ते मला ठाऊक होतं. काल्हेरचं एक स्थळ बापाने हेरून ठेवलं होतं, रेतीच्या होड्या असलेलं. पाहायला आलेल्यांसमोर तो कौतुकाने म्हणाला होता, "पोर तोंडातून ब्र काढत न्हाय. नांदायला लय बरी हाय." त्या माणसांनी माना डोलावल्या. मुकी सून कोणाला नको असते? त्या दिवशी मी चहाची कपबशी हातातच दाबून फोडली आणि सगळ्यांना वाटलं, पोरगी लाजली.

सर्जिकल वॉर्ड म्हणजे गोंगाट. लूमवाल्यांचे कान खटखटाटात गेलेले, त्यामुळे सगळे बोलायचे ते ओरडूनच. माझं बोलणं कुणाला ऐकू जाणार? "सिस्टर, मुँह में दही जमाया है क्या?" असं कुणी विचारलं की अख्खा वॉर्ड खिदळायचा. पहिले काही दिवस मी रोज मनात त्यांचे गळे चिरत होते.

त्यांत एक वयस्कर विणकर होता, पट्ट्यात कोपरापासून मनगटापर्यंत हात सोललेला. त्याचं ड्रेसिंग मी दोन वेळा करायचे. चिकटलेली पट्टी सोडवताना तो एकदा जोरात हात हिसकायला लागला. मी त्याचा हात घट्ट धरला आणि ओठांतल्या ओठांत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो दुखणं विसरून हसायलाच लागला. आणि लांब पलीकडच्या खाटेवरचा डोळ्याला पट्टी बांधलेला माणूसही हसला.

मग विणकराने मला समजावलं. लूम चालू असताना कान कामाचे नसतात. माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात, शेडच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. मराठी शिव्या तर त्यांना आपल्या गावच्या भाषेइतक्याच पाठ. म्हणजे मी आल्या दिवसापासून ज्या शिव्या पोटात दडवल्या असं समजत होते, त्या सगळ्या वॉर्डाने वाचल्या होत्या आणि रात्री एकमेकांना सांगून मजा मारली होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण दुसऱ्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं की हातातला चिमटा खाली पडला. आयुष्यात पहिल्यांदा माझं कुणी ऐकलं होतं.

तिथून सगळं बदललं. मी टेबलाशी उभी राहून नुसते ओठ हलवायचे, "तीन नंबर, गोळी घे," "हात खाली नको, रक्त येईल," आणि माणसं तसं करायची. माझ्याकडे लक्ष ठेवायचं तर गप्प राहावं लागे, म्हणून वॉर्डही गप्प झाला. मेट्रनबाई फेरीला आल्या तेव्हा दारातच थबकल्या. सगळे मेलेत की काय, असं त्यांनी विचारलं.

महिना संपत आला होता तेव्हाची गोष्ट. खिडकीजवळच्या खाटेवर पोट फाडलेला एक कारागीर होता. त्याच्या कारखान्याच्या फाटकावर मालकाने एक पहिलवान बसवलेला. सुटताना कुणी सूत चोरून नेत नाही ना, हे बघायच्या नावाखाली तो सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांच्या अंगावर हात घालायचा. एके दिवशी या कारागिराने धोटा उचलून त्याचं कपाळ फोडलं. पहिलवानाने संध्याकाळी त्याला गल्लीत गाठून पोट उघडं केलं आणि पळाला. कारागीर जगला, आणि त्याने पोलिसांना नाव सांगितलं.

भेटीच्या वेळेला पहिलवान आला. हातात मोसंब्यांची पिशवी, डोक्याला फडकं. फडक्याखाली कपाळावर ओली जखम होती, तिच्यावरून मी त्याला लांबूनही ओळखलं. माझ्या टेबलावरून पुढे जाताना पिशवी लोंबली आणि मोसंब्यांमधून सुऱ्याची मूठ दिसली. तो खाटेखाटेवरचे चेहरे बघत सावकाश पुढे निघाला. खिडकीजवळचा भिंतीकडे तोंड करून झोपलेला.

ओरडले असते तर त्याने धावत जाऊन सुरा खुपसला असता. मी त्याच्या पाठीमागे उभी राहिले आणि ओठ हलवले. "छुरी है. पकड़ो."

पहिलवान फाटकावर बसणारा, लूमच्या शेडमध्ये कधी पाऊल टाकलेला नाही. त्याला समोर दिसली ती गुमान पडलेली माणसं. एकाच्याही चेहऱ्यावरची माशी हलली नाही. तो मधल्या खाटेशी आला तेव्हा तिथल्या लंगड्याने कुबडी त्याच्या पायात घातली.

तो पडला, पण पडता पडता त्याने सुरा काढून लंगड्याच्या मांडीत खुपसला. मग वॉर्ड त्याच्यावर कोसळला. कुबड्या, स्टूल, लघवीची भांडी, हाताला येईल ते. सलाइनची काचेची बाटली त्याच्या तोंडावर फुटली. त्याचे दात फरशीवर पडलेले मला दिसले. मोसंब्या रक्तात लोळत होत्या. आणि मला बरं वाटत होतं. तो मरावा असं मला मनापासून वाटत होतं. त्या कांड्या भरणाऱ्या बायकांसाठी, आणि काल्हेरच्या त्या डुलणाऱ्या मानांच्या रागापायीही.

तेवढ्यात विणकराने सोललेल्याच हाताने स्टूल उगारलं आणि त्याच्या पट्टीतून रक्त भसकन बाहेर आलं. माझी पट्टी! रोज दोन वेळा, महिनाभर, त्या हातावर मी कातडी चढताना पाहिली होती. माझं टाळकंच फिरलं. "बस," मी ओठांनी म्हटलं. माझ्याकडे बघतोय कोण? मग मी ओरडले. एवढा मोठा आवाज माझ्या छातीत होता हे मलाच माहीत नव्हतं. पण तो त्या बहिऱ्या कानांत शिरलाच नाही. मग मी सरळ पहिलवानाच्या अंगावर जाऊन पडले. कुणाची तरी कुबडी माझ्या खांद्यावर बसली आणि गळ्याजवळचं हाड कडकन मोडलं. मी दिसले तेव्हा ते थांबले.

लंगडा वाचला. पहिलवानही जगला आणि पुढे तुरुंगात गेला. मेट्रनबाई माझ्यावर भयंकर भडकल्या. दवाखाना आहे की खाटीकखाना, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. पण माझा खांदा बांधताना हळूच म्हणाल्या, "वॉर्ड तुझा. पण तुझ्या बापाला तार गेलीय, उद्या तो येतोय न्यायला. त्याला तूच सांग. तुझ्या वतीने मी बोलणार नाही."

बाप सकाळच्या एसटीने आला. माझा गळ्यात बांधलेला हात बघून त्याचे डोळे भरले, आणि त्याला त्याची लाज वाटली म्हणून तो ओरडायला लागला. "ह्यासाठी शिकवली तुला? काल्हेरची मानसं अजून थांबल्यात. पिशवी भर."

मी बोलायला गेले. काल छप्पर उडेल असा निघालेला आवाज बापासमोर औषधालाही सापडेना. ओठ मात्र जन्माच्या सवयीने हलले.

बाप खाली वाकून माझी पिशवी शोधत होता. विणकर खाटेवरून उठला, नवीन बांधलेला हात छातीशी धरून पुढे आला आणि लूमवाल्यांच्या त्या दणदणीत आवाजात म्हणाला, "बाबा, वो बोल रही है, मैं नहीं आऊँगी."

"ती कुठं काय बोलली?"

"बोल रही है. आप देखो तो सही."

बापाने पिशवी खाली ठेवली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. "परत सांग," तो म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. मी परत सांगितलं, तसंच, आवाज न काढता. माझा बाप कधी लूमवर गेलेला नव्हता. तरी त्याला कळलं.