कुंकवाचा काळा ठिपका

बोगस बियाण्याची ती केस आठवली की निवृत्तीनंतरही माझं डोकं तापतं.

धरणगाव भागातली एक बाई. नवरा वारलेला, दोन एकर वावर आणि घरात म्हातारी सासू. विहिरीला पाणी थोडं, म्हणून दोघींनी डोक्यावर हंडे वाहून सरीत पाणी घातलं आणि कापूस लावला. कोंब आलाच नाही. बोटांनी माती उकरली तर सरकी कुजलेली. फाटलं पाकीट घेऊन ती आमच्या ठाण्यात आली. दुकानदाराने पक्कं बिल दिलेलंच नव्हतं.

मी त्याला बोलावलं. पांढरेशुभ्र कपडे, खुर्चीत ऐसपैस बसला.

"साहेब, बिल नाही म्हणजे माल माझा नाही. कुठल्या तरी बाजारातून स्वस्तातलं आणलं आणि नाव माझं घेते. बाईमाणसाच्या बोलण्यावर जाता का?"

"भाऊ, यानाच दुकानमाईन लिधं," ती मला अहिराणीत म्हणाली. "बठ्ठं वावर कोरं शे. मी खोटं कसाले बोलू?"

पाकिटावर नाव असलेल्या कंपनीने लेखी कळवलं की पाकीट आमचं नाही, नक्कल आहे. तेवढ्यात दुकानदाराने गावभर केलं की बाई खोटारडी आहे. बाकीचे दुकानदारही तिला बियाणं देईनात. दुबार पेरणीचे दिवस हातातून चालले होते. माझे आई-बाप दुसऱ्याच्या शेतात सालदारकी करायचे, घरातला पहिला पदवीधर मी. कोरं वावर काय असतं हे मला कुणी सांगायला नको होतं.

मग एका टेम्पोवाल्याकडून खबर लागली की धुळ्यातल्या एका छापखान्यात बियाण्याची रिकामी पाकिटं छापली जातात. तिथल्या पोलिसांना सोबत घेऊन छापा टाकला. पाकिटांचे गठ्ठे सापडले, संगणक जप्त केला, डीटीपी ऑपरेटरला ताब्यात घेतलं.

"काम कुणाचं?"

"गिऱ्हाईक येतं साहेब, आम्ही नाव विचारत नाही."

असलं उत्तर मी नोकरीभर ऐकलं.  बाईचं पाकीट आणि जप्तीतली पाकिटं टेबलावर शेजारी मांडली. मागच्या बाजूला, जिथे लॉट नंबर काळ्या शाईत छापतात, तिथे प्रत्येकावर एकाच जागी काळा ठिपका.

"हे काय?"

"कचरा असेल. स्कॅनरच्या काचेवर बसतो."

"मग तुझ्या बाकीच्या छपाईत का नाही?"

तो गडबडला. "साहेब, मी एकेक चित्र उघडून साफ करत नाही. संगणकाच्या काळ्या खिडकीत कमांड लिहितो, एका ओळीत फोल्डरमधली बठ्ठी चित्रं छपाईजोगी होतात. गडद ते काळं, फिकं ते पांढरं. मधलं काही राहत नाही."

"लाल असलं तर?"

"काळं होतं."

"पिवळं?"

"उडून जातं, साहेब."

आमच्याकडे पेरणीआधी बियाण्याला हळदकुंकू वाहतात. माझी आईही वाहायची. मी सरळ विचारलं, "नमुन्याच्या पाकिटावर कुंकू होतं ना?"

त्याने मान खाली घातली. "होतं. तुमच्या गावचे बियाणंवाले शेठ स्वतः घेऊन आले होते. स्कॅन झाल्यावर परत नेलं. म्हणाले, आखाजीच्या सणाला पुजलंय, इथे कचऱ्यात नको जायला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुजलेलं पाकीट कचऱ्यात जाऊ नये एवढी याला काळजी, आणि त्याचीच नक्कल विकून एका बाईचं वावर कोरं ठेवलं!

पंचांसमक्ष दुकानाची झडती घेतली. गल्ल्यामागच्या देव्हाऱ्यात पाकीट होतं, हळदकुंकवासकट.

"साहेब, देवाच्या जागेला हात घालताय!" दुकानदार ओरडला.

"देवाला नाही, शेठ. पुराव्याला."

सायबर शाखेने ठाण्यात पंचांसमोर ते पाकीट स्कॅन केलं आणि ऑपरेटरने सांगितलेलीच कमांड चालवली. हळद गेली, कुंकू काळं होऊन राहिलं. लॉट नंबरशेजारी, तोच ठिपका, तेवढाच. पंचनाम्यात सगळं नोंदवलं.

दुकानदाराचा चेहरा उतरला. "मिटवा साहेब. अक्काला नवीन बियाणं देऊन टाकतो."

आमचा एक हवालदारही म्हणाला, "बरंय की साहेब, बाईचं काम होतंय." मी त्याला बाहेर पाठवलं. बाई तिथेच उभी होती.

"मले याना हातनं बियाणं नही जोयजे," ती म्हणाली. "बठ्ठासमोर सांग, मी खोटी नही."

त्याला पंचांसमोर, बाहेर जमलेल्या लोकांसमोर ते सांगावं लागलं.

यंत्रावर माझा राग नाही. लाल दिसलं, त्याने सांगितल्याप्रमाणे काळं केलं. घाऊक पाप करणारा आपलाच माल नीट बघत नाही, तपास करणाऱ्याने मात्र एकेक नग हातात घेऊन बघावा, एवढं या केसने मला शिकवलं.

दुकानाचा परवाना रद्द झाला. दुकानदाराला आणि छापणाऱ्यांना पुढे न्यायालयाने शिक्षा केली. बाईला दुसऱ्या दुकानातून पक्क्या बिलावर बियाणं मिळालं, तिने उशिरा का होईना वावर पुन्हा लावलं आणि त्याच हंगामात तिच्या घरात कापूस आला.