शेजारच्या सीटवरची गोणी

फोन आला तेव्हा मी माझ्या पिठाच्या गिरणीवर होते. स्क्रीनवर भाऊचं नाव बघून उचलल्या उचलल्या म्हटलं, "आता आणखी काय राहिलं सांगायचं?" कारण थोड्या वेळापूर्वीच आमचं बोलणं झालं होतं. पलीकडून अनोळखी आवाज म्हणाला, "बेन, तमे एमना शुं थाव?" मी यांची कोण लागते, असं विचारणारा तो हजीरा रोडवरचा चहावाला होता. लाल, बसकी गाडी हळूहळू कडेला आली, इंजिन बंद झालं, आणि आतल्या काकांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं ते उचललंच नाही... एवढं सांगून तो जरा घुटमळला. "अने बेन, बाजुनी सीट पर एक गूणी छे. एने पट्टो बांधेलो छे." समोर एक बाई बाजरी दळायला थांबली होती. मी तिचा डबा भरला, झाकण नीट लावून दिलं, मोटार बंद केली आणि मग जमिनीवर बसले. हे सगळं मी केलं असं लोक सांगतात. मला फक्त ते झाकण आठवतं.

माझा थोरला भाऊ सुभाष. आम्ही धरणगावकडचे, पण पोटापाण्यासाठी सुरतेत, उधन्याला आलो ते इथलेच झालो. भाऊनं जन्मभर लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त केले. एका मिलवाल्या शेठच्या बंगल्यामागे जुनी विलायती स्पोर्ट्स गाडी सडत पडली होती, दोनच सीटची. ती यानं घरी आणली आणि कित्येक वर्षं तिच्यापुढे उकिडवा बसून काढली. मी म्हणायची, "भाऊ, दारात हत्ती बांधलास, आता चारा घाल." तो हसायचा. गाडी धावायला लागल्यावर त्याच्या डोक्यात आलं की ती टाचा उंचावून उभी राहिल्यासारखी दिसते. झालं, गड्यानं स्प्रिंगा कापल्या आणि गाडी खाली बसवली. दिसायला लागली मात्र झोकात, हे कबूल करायलाच हवं.

निर्मला वहिनीला मोठ्या हौसेनं घेऊन निघाला. वहिनीचं मणक्याचं जुनं दुखणं. गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आला, गाडी धाडकन आपटली आणि मग नुसती उड्या मारत राहिली. वहिनी पाठ धरून उतरली. "तुमच्या गाडीपेक्षा माझ्या बापाची बैलगाडी बरी होती. पुन्हा बसायची नाही मी हिच्यात." आणि बसली नाही. गाडी परत उंच कर, एवढं साधं उत्तर होतं. पण भाऊ हट्टी. उंच केली तर तिचा तोरा जाईल म्हणे. मला त्यानं लूमच्या भाषेत समजावलं होतं: सूत नेणारी शटल फेकणारा दांडा जोरदार केला आणि तिला अडवणारा पट्टा जुनाच ठेवला, तर शटल आदळणारच. स्प्रिंग उसळते, शॉकअप तिला आवरतो. मी स्प्रिंग आखूड केली आणि शॉकअप लांब दांड्याचे तेच ठेवले, गाढवपणा माझाच, असं तो म्हणाला. मग त्यानं मापानं नव्या स्प्रिंगा वळवून घेतल्या आणि त्यांच्या जोडीचे आखूड शॉकअप शोधायला लागला. पहिली जोडी इतकी कडक निघाली की पुलाच्या प्रत्येक सांध्यावर गाडी ठेचकाळायची. दुसरी मऊ. आणि सुरतेत पूल काय थोडे आहेत?

एक दिवस गिरणीवर येऊन हळूच म्हणाला, "मंगल, तुन्ही वहिनीले सांगजो नको. तिचं वजन किती असेल गं?" मला माहीत होतं. संक्रांतीच्या आधी तीळ दळायला आली तेव्हा हसता हसता वहिनी माझ्या धान्याच्या काट्यावर उभी राहिली होती. मी तेवढीच दादर ज्वारी गोणीत भरून तोंड शिवून दिलं. ती गोणी शेजारच्या सीटवर ठेवून, पट्टा बांधून भाऊ रोज सकाळी गाडी फिरवायचा. तो गेला त्या दिवशी त्याचा पहिला फोन आला तो असा: "जमलं गं मंगल. पुलावरून आलो, गोणी जागची हलली नाही. आता हिला नवापूरला माहेरी घेऊन जातो, याच गाडीतून." आवाज ठणठणीत होता. अजूनही मला तो आवाज आणि चहावाल्याचा आवाज एका सकाळचे वाटत नाहीत. हसत बोलणारा माणूस असा कसा जातो? डॉक्टरांनी सांगितलं, हृदय. सांगितलं ते ऐकलं, पण पटलं नाही.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. वहिनी रडली नव्हती. भिंतीकडे बघत बसायची, ताट तसंच परत यायचं. एका दुपारी तिनं मला जवळ बोलावलं आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "मंगल, ती गोणी कुणाच्या घरी चालली होती?" मला आधी कळलंच नाही. "रोज सकाळी न सांगता जायचे. लोक बोलतात. तू बहीण आहेस त्यांची, खोटं बोलू नकोस." आधी लोकांचा संताप आला, मग भाऊचा, मग तोंडातून कसंबसं निघालं, "वहिनी, कुणाच्या घरी नाही. ती गोणी म्हणजे तुम्ही." सगळं सांगितलं. काट्याचं सांगितलं तेव्हा तिनं तोंडावर पदर घेतला आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मीही रडले.

रडणं ओसरल्यावर वहिनी मला घेऊन गाडीच्या शेडमध्ये गेली. रस्त्यावरून आणून लावलेली गाडी तशीच उभी होती, गोणीसकट. भिंतीला भाऊची लाकडी पट्टी टेकलेली. ती जमिनीवर उभी धरून तो मडगार्डची कड कुठवर येते ते बघायचा. तिच्यावर पेन्सिलीच्या दोन खुणा: वर "रिकामी", खाली "ही". मी गोणी उतरवली. वहिनी जपून आत बसली, गाडी किंचित दबली, आणि मी पट्टी लावली. कड "ही"च्या खुणेपर्यंत आली नाही. सूतभर वरच राहिली. एवढ्याशा दिवसांत एवढी वाळली होती बाई. तिनं विचारलं, "काय झालं? चुकलं का यांचं?"

"त्याचं नाही चुकलं," मी म्हटलं. "तुम्ही जेवत नाही. त्यानं स्प्रिंगा आणि शॉकअप ज्या वहिनीसाठी जुळवलेत, ती ही नाही. खुणेला आल्याशिवाय नवापूरला जायचं नाही."

मी ती गोणी उसवली. आता थोडी थोडी दादर दळून रोज पीठ पोचवते आणि समोर बसून भाकरी खायला लावते. सुरुवातीला चतकोर जायची. परवा मी पीठ ठेवून निघाले, तर वहिनी आपणहून शेडकडे वळली, गाडीत बसली आणि म्हणाली, "मंगल, पट्टी आण गं. बघ, आले का मी खाली?"

मी पट्टी लावली. कड खुणेला यायला अजून थोडी राहिली आहे. गोणीत ज्वारीही आहे अजून.