सहा मुरवलेले पाइप

अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला, बाजाराच्या तोंडाशी, विद्याधर केळसकराचं तंबाखूचं दुकान होतं. वडिलांनी, मार्तंडरावांनी काढलेलं. गिऱ्हाईक विडी-तपकिरीचंच जास्त, पण आत काचेचं एक कपाट होतं आणि विद्याधरचा सगळा जीव त्या कपाटात. त्यात विलायती पाइप. बाजारकरी त्यांना साहेबाची चिलीम म्हणायचे. म्हणोत बापडे.

नवा पाइप कडू असतो. लाकडाचा वास तोंडात येतो, जीभ सोलवटून निघते. वीसेक दिवस संथपणे ओढला की तंबाखू भरायच्या वाटीत आतून काजळीचा थर धरतो आणि मग धूर गोड लागतो. जुहूच्या विमानतळावरच्या गोऱ्या साहेबांना एवढा धीर कुठला? म्हणून मार्तंडराव स्वतः ओढून पाइप मुरवून द्यायचे. विद्याधर अठराव्या वर्षी तेच शिकला. मिनिटाला दोन झुरके, आणि वाटी गालाला लावली तर चटका बसता कामा नये. त्याला स्वतःला धुराची मुळीच आवड नव्हती, बरं का! शौक गिऱ्हाइकाचा, जीभ याची. पण पहिल्याच झुरक्याला साहेब डोळे मिटायचा, तेव्हा याची छाती फुगायची.

साहेब गेले. बाहेरचा माल यायचा थांबला. छप्पन साल उजाडलं तेव्हा कपाटात सात पाइप उरले होते. बायकोने, उत्तराने, स्पष्ट सांगून टाकलं, दिवाळीपर्यंत बघा, नाहीतर ते कपाट काढून तिथे विड्यांची बंडलं रचा. तिचं तरी काय चुकलं? शिवणकाम करून घर तीच ओढत होती.

आणि अशात पार्ल्याचे चंद्रप्रकाश सर दुकानात आले. कॉलेजात इतिहास शिकवायचे. त्यांना पाइपचा नवा शौक लागला होता आणि जिभेची पार वाट लागली होती. विद्याधरने त्यांना मुरवलेला पाइप दिला. आठवड्याने सर परत आले ते हसतच. झकास, म्हणाले. रविवारी सकाळी त्यांच्या व्हरांड्यात मित्रमंडळ जमायचं, त्या सहाजणांनाही अस्सेच हवे होते.

विद्याधर हरखून गेला. फोर्टातल्या एका व्यापाऱ्याकडे जुन्या पाइपांची पेटी पडून होती. एवढे सहा खपले तर त्या पैशांत ती पेटी द्यायला तो तयार होता. म्हणजे कपाट वाचणार, बापाची विद्या वाचणार. चार महिने विद्याधरने एकामागून एक सहा पाइप मुरवले. तोंडाची साल गेली. आमटी नको, लोणचं नको, नुसता दहीभात. रविवारी सहा पाइप घेऊन तो सरांकडे निघाला, तेव्हा उत्तरा एवढंच म्हणाली की तिथे फार बोलत बसू नका.

पण माणूस बोलतोच हो! चहा झाला, सहाही जणांनी पाइप पेटवले, कौतुकाला नुसतं उधाण आलं. इतक्या वर्षांत असं कौतुक कानावर पडलं नव्हतं. कुणीतरी विचारलं, ही गोडी येते कुठून? काय मसाला लावता?

"मसाला कसला? प्रत्येक पाइप मी स्वतः वीस-वीस दिवस ओढलाय," विद्याधर अभिमानाने म्हणाला.

झुरके एकदम थांबले. मंडळी सुधारलेली, आमलेट खाणारी, जानवं खुंटीला टांगलेली. पण उष्टं ते उष्टं. एकाने पाइप चहाच्या ट्रेमध्ये ठेवला. मग दुसऱ्याने.

"म्हणजे केळसकर, माझासुद्धा?" सरांनी हळू आवाजात विचारलं.

विद्याधरने होकाराने मान हलवली. सर उठून आत गेले. आतून, मोरीतून, चुळा भरल्याचा आवाज येऊ लागला. तो काही केल्या थांबेना. कुणी भांडलं नाही, कुणी वावगा शब्द बोललं नाही. सरांच्या पत्नीने सातही पाइप जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिले.

विद्याधर पार्ल्याहून अंधेरीपर्यंत चालत आला. मनातल्या मनात शिव्या घालत होता. दीडशहाणे लेकाचे! गोऱ्याला जे चाललं ते यांना चालेना. आगीत वीस दिवस भाजून निघालेलं कसलं उष्टं? बाबा तेच म्हणायचे.

दुकान उघडून त्याने पुडकं सोडलं. वरच सरांचा पाइप होता. आपल्या हातची गोडी एकदा आपणच बघावी, असं त्याला वाटलं. तंबाखू भरली, काडी ओढली, पाइप तोंडाशी नेला आणि हात थांबला. टोकावर सरांच्या दातांच्या खुणा होत्या. त्याने पाइप खाली ठेवला.

सव्वीस वर्षं पाइप ओढले, पण नेहमी कोरे. दुसऱ्याच्या तोंडातला एकही नाही.

काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा त्याने ती टाकली. इतका वेळ शिव्यांचा तरी आधार होता, आता तोही गेला. त्या व्हरांड्यात तो असता तर त्यानेही चूळच भरली असती. दिवाळीला अजून तीन आठवडे होते. त्याने उठून ते रिकामं कपाट काढायला घेतलं.