मु. पो. मोरवा

बाबांचा 'मु. पो.' या दोन अक्षरांवर राग होता. मुक्काम पोस्ट हे खेड्यातल्या लोकांनी लिहायचं, आपण मुंबईचे, असं त्यांचं म्हणणं. खरं म्हणजे परळची खोली सोडून आम्ही भाईंदरला आलो त्याला सहा महिने होऊन गेले होते, आणि भाईंदर म्हणजेही स्टेशनजवळचं नव्हे. स्टेशनवरून उत्तनच्या एसटीत बसायचं, मुर्धा आणि राई मागे टाकायची, मग मोरवा. गावाच्या कडेला भाताच्या शेतात भराव घालून कुणीतरी तीन मजली इमारत उभी केली होती, तिच्यात दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहायचो. बाबा मात्र पत्ता लिहिताना इमारतीचं नाव, पुढे भाईंदर (पश्चिम) आणि त्यापुढे सरळ मुंबई लिहून मोकळे व्हायचे. जिल्हा ठाणे लिहायचं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. पत्रं आठ-आठ दिवस उशिरा मिळायची, पण त्यांचा हेका सुटला नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी आठवीत होते. स्टेशनजवळच्या शाळांत जागा नव्हती, म्हणून मला आणखी पुढे, तारोडीच्या बाजूच्या हायस्कूलमध्ये घातलं. आमच्या नातेवाइकांत शिकण्यासाठी मुंबईकडे पाठ करून जाणारी मीच पहिली, असं बाबा हसत सांगायचे, पण त्यांना ते लागलेलं असायचं.

मी एका जागी स्वस्थ बसणारी मुलगी नव्हते. वर्गात बसले की माझा उजवा पाय आपोआप हलायला लागायचा, आणि पाय हलला की बाक हलायचं आणि शेजारणीचं अक्षर बिघडायचं. शेजारीण तारोडीची होती. वडील दर्यावर जायचे, आई भाईंदरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. पहिल्या दिवशी तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं, "तुला हिव भरलंय का?" मी नाही म्हटलं. "मग पाय उचलून वर घे," ती म्हणाली. तेव्हापासून मी मांडी घालून बसायला लागले आणि आमची मैत्री झाली.

गणिताच्या सरांनी दिवाळीनंतर आम्हा दोघींना उभं केलं आणि हातात एकेक फॉर्म दिला. ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी सरकारी शिष्यवृत्ती होती. आठवीच्या शेवटी परीक्षा, मिळाली तर बारावीपर्यंत चालणार. तालुक्याला जागा मोजक्याच. "अट एवढीच," सर म्हणाले, "शाळाही ग्रामपंचायतीच्या हद्दीत पाहिजे आणि घरही. दोघी बसताय ना त्यात?" मैत्रीण हो म्हणाली. मीही म्हटलं.

घरी बाबांनी फॉर्म वाचला आणि चष्मा काढला. "ग्रामीण? आपण?" मग तो फॉर्म दोन दिवस रेडिओवर पडून राहिला. त्या दोन दिवसांत मी घरात इतक्या येरझाऱ्या घातल्या की आईने मला गच्चीवर हाकललं. मला ती शिष्यवृत्ती हवीच होती. शाळेच्या दारातल्या भिंतीवर एक काळा फलक होता, त्यावर शिष्यवृत्ती मिळवणाऱ्यांची नावं पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेली असायची. शेवटचं नाव किती तरी वर्षांपूर्वीचं होतं. परळच्या शाळेतून मला उचलून आणलं तेव्हा कुणाला फारसा फरक पडला नव्हता. इथे भिंतीवर नाव लागलं तर मला कुणी सहज उचलू शकणार नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

तिसऱ्या दिवशी बाबा ऑफिसातून आले ते वेगळेच. त्यांच्या साहेबांनी या शिष्यवृत्तीबद्दल ऐकलेलं होतं आणि पोरगी हुशार दिसते, असंही ते म्हणाले होते. बाबांनी शाईचं पेन भरलं आणि पत्त्याच्या रकान्यात लिहिलं, 'मु. पो. मोरवा, ता. व जि. ठाणे.' अक्षर इतकं वळणदार की आम्ही पिढ्यानपिढ्या तिथेच भात लावत आलो असू असं वाटावं.

आता ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला लागणार होता. तो कुठे मिळतो हे बाबांना ठाऊक नव्हतं आणि विचारायला जाणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. मैत्रिणीचा मामा मोरव्याचा, पंचायतीचा सदस्य. शाळा सुटल्यावर ती मला सरळ त्याच्या ओट्यावर घेऊन गेली. मामा जाळं विणत बसला होता.

"ही कोन?" त्याने विचारलं.

"आपल्या गावचीच हाय, मामा. नव्या बिल्डिंगीतली."

"बिल्डिंगवालं गावचं कवापासून झालं?" मामा हसला. त्याने मला नीट न्याहाळलं. "गावदेवीची जत्रा कवा असते, सांग."

मला माहीत नव्हतं. मैत्रिणीने माझ्या वतीने उत्तर दिलं आणि वर म्हणाली, "मी सांगते ना मामा, आपलीच हाय ती." दुसऱ्या दिवशी शिक्क्यानिशी दाखला माझ्या हातात होता. तो तिनेच आणून दिला.

मग चार महिने आम्ही दोघींनी जिवाचं रान केलं. सर मधल्या सुट्टीत बुद्धिमत्ता चाचणीची कोडी घालायचे. अंकांची मालिका मैत्रीण माझ्या आधी सोडवायची. मी पेन्सिल चावत बसायचे आणि ती नुसतं आकड्यांकडे बघून उत्तर सांगून टाकायची. भाषेच्या पेपरात मात्र मी पुढे असायचे, कारण त्यातली मराठी माझ्या घरात बोलली जायची आणि तिच्या घरात नाही. तेवढीच माझी हुशारी. तेव्हा मला ती फार मोठी वाटायची.

निकाल जूनमध्ये आला. मला मिळाली. मैत्रीण एका गुणाने मागे राहिली, पण आमच्या तालुक्याच्या राखीव यादीत तिचं नाव पहिलं होतं. सर वर्गात म्हणाले, "कुणी गळलं तर हिला मिळणार. नाराज व्हायचं नाही." पेंटरने फलकावर माझं नाव लिहिलं तेव्हा ती माझ्या शेजारी उभी होती आणि वेलांटी चुकली म्हणून तिनेच पेंटरला टोकलं. मी त्या दिवशी इतकी खूश होते की तिच्या चेहऱ्याकडे बघायचं राहून गेलं.

दोन महिन्यांनी आम्ही मोरवा सोडलं. बाबांना मीरा रोडला स्टेशनजवळ जागा मिळाली आणि गणपतीच्या आत सामान हललंसुद्धा. मंजुरीच्या पत्रामागे बारीक अक्षरांत अटी छापल्या होत्या. मी त्या वाचल्या आणि बाबांना दाखवल्या. लाभार्थ्याने ग्रामीण भाग सोडल्यास शिष्यवृत्ती बंद होईल आणि जागा राखीव यादीतल्या पुढच्या उमेदवाराला मिळेल, असं तिथे स्वच्छ मराठीत लिहिलं होतं.

"शाळा तीच ठेवू," बाबा म्हणाले. "पत्ताही तोच राहू दे. पत्रं आली तर खालचे शेजारी ठेवतील, मी रविवारी जाऊन आणीन."

"पण बाबा, माझ्या जागी तिला मिळेल ना?"

"तू काय चोरी केलीस? परीक्षा देऊन मिळवलंस." ते पत्र त्यांनी ऑफिसात सगळ्यांना दाखवलं होतं. आता तिथे जाऊन काय सांगणार होते? आणि मला तरी फलकावरचं नाव पुसून हवं होतं का? मी पुन्हा विचारलं नाही. ज्या माणसाला मोरव्याचं नाव लिहायची लाज वाटायची, तो आता तिथे राहत नसताना ते नाव सोडायला तयार नव्हता, आणि मी त्याचीच मुलगी.

पंचाईत अशी की गणिताचे सर भाईंदर स्टेशनजवळ राहायचे आणि शाळा सुटली की आमच्याच एसटीने परत जायचे. बस आली की मला हाक मारून पुढे चढवायचे. मी सरळ स्टेशनपर्यंत गेले असते तर त्यांनी विचारलं असतं. म्हणून मी रोज मोरव्याला उतरायचे. सरांना हात करायचे, गावाच्या दिशेने चार पावलं टाकायचे आणि बस दिसेनाशी झाली की परत थांब्यावर येऊन उभी राहायचे. पुढची गाडी कधी पाऊण तासाने यायची, कधी त्याहून उशिरा. तेवढ्या वेळात मी त्या थांब्याच्या भोवती किती फेऱ्या मारल्या असतील, कोण जाणे. मिठागरावरून खारं वारं यायचं, समोरच्या पानवाल्याचा रेडिओ चालू असायचा, आणि प्रत्येक ओळखीचा माणूस दिसला की मी पाठ फिरवायचे. एकदा मामा सायकलवरून जाताना थांबला. "काय ग, घरी न्हाय गेलीस अजून?" मी म्हटलं, मैत्रिणीची वाट बघतेय. तो बरं म्हणून गेला.

वर्गात तर याहून वाईट. महिन्या-दोन महिन्यांनी मैत्रीण तास संपल्यावर सरांना विचारायची, "सर, कुनी गळलं का?" सर म्हणायचे, "अजून तरी नाही." ती हसून बाकावर परत यायची आणि मी मांडी घट्ट धरून बसायचे. गळलेली मुलगी तिच्या शेजारीच बसलेली होती.

हिवाळ्यात तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न झालं, आणि आठवड्यातून दोनदा आईबरोबर भाईंदरच्या बाजारात जायची पाळी तिच्यावर आली. हे तिने मला सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण त्याचा माझ्याशी काय संबंध, हे माझ्या ध्यानात आलं नाही. फेब्रुवारीत एका संध्याकाळी मी मोरव्याच्या थांब्यावरून मागची एसटी पकडली आणि समोरच्याच सीटवर ती आणि तिची आई, पायाशी मासळीची पाटी.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी दांडा धरून उभी. कंडक्टर आला, त्याने पंच वाजवला आणि विचारलं, "कुठं?"

मला दुसरं काही सुचलं नाही. "स्टेशन," मी म्हटलं.

तिची आई कौतुकाने म्हणाली, "ही भावानं दाखला दिलेली पोर ना ग? सांजची कुठं निघाली?"

"मावशीकडं जाते ती, मीरा रोडला," मैत्रीण म्हणाली. ती सरकली, पाटी पायाने आत ओढली आणि मला जागा करून दिली. मीरा रोडचं नाव मी तिच्यापाशी कधीच काढलं नव्हतं. म्हणजे तिला आधीपासून ठाऊक होतं की काय, की तिने त्या क्षणी ताडलं, हे मला आजही सांगता येत नाही. स्टेशन येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

त्या दिवसापासून तिने सरांना कुणी गळलं का हे विचारायचं सोडलं. बाकी काहीच बदललं नाही. गृहपाठ दाखवायची, डब्यातला सुका जवळा माझ्या पोळीवर घालायची, वेलांट्या सुधारून घ्यायची. तिने भांडण केलं असतं तर मी भांडले असते, माझी जीभ काही कमी नव्हती. ती माझ्या बोलण्याची वाट बघत होती, आणि मी रोज ठरवायचे की उद्या सरांना सांगू. चाचणी होऊ दे, मग सांगू. सर रजेवरून येऊ देत, मग. रात्री डोळे मिटले की वाक्यं जुळायची आणि सकाळी एसटीत चढले की विस्कटायची. असा मार्च निघून गेला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी एकदाची शिक्षकांच्या खोलीत गेले. सर पेपर तपासत होते. मी आडून विचारलं, "सर, शिष्यवृत्तीतून आता कुणी गळलं, तर राखीव यादीतल्या मुलीला मिळेल ना?"

"आता कुठली?" सर मान वर न करता म्हणाले. "ती यादी वर्षभराचीच असते. मार्चअखेर संपली. का गं?"

"काही नाही, सर."

दाराबाहेर आले आणि मला हायसं वाटलं. इतकं हलकं वाटलं की मी व्हरांड्यातून जवळजवळ धावतच गेले. आता सांगून कुणाचाच फायदा नव्हता, म्हणून सांगायची गरज नव्हती. तेव्हापासून मी पुष्कळ गोष्टींबद्दल स्वतःला माफ केलंय. खोट्या पत्त्याबद्दलही केलंय, कारण मी चौदा वर्षांची होते आणि पत्ता बाबांनी लिहिला होता. त्या हायसं वाटण्याबद्दल मात्र माफ करता आलं नाही, ते माझं एकटीचं होतं. ती पुढे तिच्या जोरावर शिकली, नव्वदच्या दशकात चांगल्या नोकरीला लागली, तिचं काही अडलं नाही. हे मी स्वतःला बरेचदा ऐकवते. पुढे मोरवा, तारोडी सगळीच गावं नगरपालिकेत आली आणि तिथे कुणीच ग्रामीण उरलं नाही. बाबांनी शेवटी मीरा रोडच्याच बेव्हर्ली पार्कात घर घेतलं आणि पत्त्यात पुन्हा मुंबई लिहायला सुरुवात केली.

मी शिक्षकांच्या खोलीत गेले त्या संध्याकाळीही सर एसटीत होते, म्हणून मी मोरव्याला उतरले. तिचा बाजाराचा दिवस होता. मागची गाडी आली, ती नेहमीसारखी सरकली आणि मी बसले. तिची आई पाटीवर हात ठेवून पेंगत होती.

"सरांकडं गेली होतीस," ती म्हणाली. "बघितलं मी."

"हो."

"कुनी गळलं?"

बाकाखाली माझा पाय हलत होता. तिने गुडघ्यावर हात ठेवला नाही. मी काहीतरी मोठं, नीट बोलायचं ठरवलं होतं, दोन महिने जुळवलेलं, पण तोंडातून एकच शब्द निघाला, आणि तोही तिच्या बोलीतला.

"न्हाय," मी म्हणाले.

तिने पाटी पायाने जरा आत ओढली. मग म्हणाली, "आता खरी मोरव्याची वाटतेस."