दगडू गवंड्याचा बाप्तिस्मा

उपासना सुटल्यावर चर्चच्या पायरीवर चार जण टेकले, की किस्सा निघतोच. नवा एक घडेपर्यंत जुने तीन सांगून होतात! मी देवळालीच्या अलीकडच्या आमच्या गावात मिशनच्या शाळेत मास्तर. पण बाहत्तर सालचे पाळकसाहेबांचे आणि दगडू गवंड्याचे किस्से मी ऐकलेले नाहीत, पाहिलेले आहेत.

पाळकसाहेबांचा एकच आवडता विषय: माणूस तरतो तो विश्वासाने, स्वतःच्या कामांनी नाही. सलग चार रविवार हेच! चौथ्या रविवारी जेवताना पाळकीणबाई म्हणाल्या, "तरीच घरातलं एक काम तुमच्या हातून होत नाही!" साहेबांनी मुकाट्याने स्वतःचं ताट उचललं.

*

दगडूची बायको राहेल ख्रिस्ती होती, दगडू नव्हता. ती गेली, आपल्या दफनभूमीत तिला ठेवलं आणि आठवड्याभरात हा साहेबांपुढे हजर. "मला बाप्तिस्मा द्या. ती तिकडं एकटी हाय."

मी तर पाणी आणायला उठलोच. पण साहेब नियमाचे पक्के. बाप्तिस्म्याआधी तोंडी परीक्षा! "दगडू, तुझं तारण कशाने होईल?"

"कामानं, साहेब. बिनकामाच्या मानसाला कोन घेतंय?"

नापास!

*

मला राहवेना. पंधरा दिवस मी त्याची शिकवणी घेतली. उत्तर एका शब्दाचं, विश्वासाने! दुसऱ्या परीक्षेला दगडूने ते असं खणखणीत म्हटलं, की साहेब खूश झाले. आणि खुशीत सिलॅबसबाहेरचं विचारून बसले. "शाब्बास! आता सांग, विश्वास म्हणजे काय?"

दगडूने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"म्हंजी... सकाळी लवकर उठून कामाला लागायचं!"

पुन्हा नापास. त्या दिवशी मी साहेबांशी बोललोच नाही.

*

छत म्हटल्यावर आठवलं. चर्चची कौलं बदलायची होती. काम फुकट करणार कोण? दगडूच! आमच्या मंडळीचे पंच शांतवनराव सावलीत खुर्ची टाकून बसलेले. म्हणाले, "माझा पूर्ण विश्वास आहे, संध्याकाळपर्यंत कौलं वर चढतील."

वरून दगडू म्हणाला, "चढत्याल की, पंच! फकस्त खालून कुनीतरी द्या!"

*

पुढे दुष्काळाने चर्चची विहीर आटली. साहेबांनी काठावर प्रार्थना ठेवली. सगळी मंडळी डोळे मिटून उभी, आणि आतून ठण्ण ठण्ण! दगडू तळात पहार मारत होता.

साहेब वाकून ओरडले, "अरे, प्रार्थना चाललीय! डोळे मीट!"

"मिटले तर पहार पायावर पडंल, साहेब! तुमी चालू द्या!"

*

आणि मग तो दिवस. दगडू सांगत आला, "झरा लागला, साहेब!" साहेब म्हणाले, "डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मंडळीला कसं सांगू?" झालं! दोराला फळी बांधून साहेबांना विहिरीत सोडायला घेतलं. दोरावर दगडू आणि शांतवनराव. मी साहेबांची टोपी धरून उभा, शेजारी प्यायच्या पाण्याचा हंडा.

साहेब अंगाने भरलेले. अर्ध्यात गेले आणि शांतवनरावांचा हात सुटला! दोर सर्रकन पळाला. दगडूने कसाबसा काठावरच्या दगडी खांबाला एक वेढा मारला आणि पाय रोवून धरून ठेवला. मी टोपी टाकून दोराला लटकलो. शांतवनराव माणसं आणायला पळाले. जन्मात पहिल्यांदा पळताना पाहिलं त्यांना!

खालून साहेबांचा आवाज आला, "दगडू! येत्या रविवारी तुझा बाप्तिस्मा! नक्की! पण सोडू नकोस रे!"

"सोडत न्हाई, साहेब. पन आसा बाप्तिस्मा नको."

"अरे, का?"

"दोर धरल्याबद्दल नको. तुमच्या जागी कुनीबी आसतं तरी धरला आसता." दगडूला धाप लागली होती. "राहेलला काय सांगू? साहेबाला टांगून मिळिवला?"

 

मग माणसं आली आणि साहेबांना वर काढलं. साहेब काठावर बसले. दगडूचे तळहात सोलून निघाले होते, ते बघत राहिले.

"मास्तर, हंड्यात पाणी आहे का?"

"आहे थोडं. प्यायला देऊ?"

"प्यायला नको."

ते उठले आणि ओंजळ पुढे केली. मी पाणी ओतलं. दगडू गडबडून म्हणाला, "साहेब, आवं परश्न इचारायचा ऱ्हायला!"

"मुंडासं काढ," पाळकसाहेब म्हणाले.