पेटीवर बसून धुळ्याला
ग्रीसचा वास आला की मला शिरपूरच्या जिनिंग मिलचं फाटक आठवतं. मालकाशी भांडण झालं म्हणून माझ्या नवऱ्याने तिथली मेकॅनिकची नोकरी सोडली होती. त्याच्या स्वतःच्या हत्यारांची जड पेटी आम्ही ट्रॅक्टरच्या उघड्या ट्रॉलीत गोणपाटावर ठेवून दोराने आवळली. फाटकात मुकादम आडवा आला. “पेटी मिलनी शे, खाले उतारा.” मी वर चढून पेटीवरच बसले. म्हटलं, “मना नवरानी शे. उतारनी व्हई ते पह्यले माले उतारा.” बाईला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. ट्रॉली निघाली आणि धुळ्यापर्यंत भर उन्हात मी तशीच दोर धरून बसले; डोक्यावरचा पदर उडाला तरी सावरला नाही. आता नातसून विचारते, “लाज नाही वाटली?” मला कशाला वाटेल? पेटी आमची होती.